गाण्यामागे केलेला प्रवास आणि महिन्यांप्रमाणे लिहिलेली माझी वही

मारवा_सहा

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज पाऊस लागलाय आणि ऑफिसला सुट्टी आहे म्हणून बसले.

मागच्या वैशाखात माझा फोन पडला, दुरुस्तीला दिला आणि दुकानदाराने न विचारता सगळा साफ करून हातात ठेवला. फोटोंचं एवढं नाही वाटलं, ते घरच्या कॉम्प्युटरवर होते, पण त्यात माझ्या अकरा वर्षांच्या याद्या होत्या हो, कुठल्या गावात काय ऐकलं, कोण गायलं, साथीला कोण होतं, सगळं. दोन दिवस घास गिळेना. तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि आठवेल तसं लिहायला बसले. तर गंमत अशी की साल आठवेना, तारीख तर नाहीच, पण प्रत्येक गाण्याबरोबर हवा आठवत होती. इथे हुडहुडी भरली होती, इथे ब्लाऊज पाठीला चिकटला होता, इथे चपलेत चिखल गेला होता. मग मी सालवार लिहायचं सोडूनच दिलं आणि वहीत चैत्र ते फाल्गुन अशी पानं पाडली. आता तीच माझी प्लेलिस्ट. जो महिना चालू असेल त्या पानावरचंच ऐकायचं, आषाढात आषाढाचं. पहिले काही महिने हात शिवशिवायचा, आता वाट बघते त्या त्या पानाची.

मी ऑडिटच्या कामाने फिरते, वर्षातले चार महिने तरी बाहेर. काम संपलं की एखादी रजा जोडायची आणि जवळपास जिथे गाणं असेल तिथे जायचं, हे इतकी वर्षं चाललंय. घरात नवरा आणि सासूबाई, दोघांनाही गाण्याचा गंध नाही, पण दोघंही 'जाऊन ये' म्हणतात आणि सासूबाई प्रत्येक वेळी डब्यात दशम्या देतात. वहीतली दोनचार पानं सांगते, सगळी सांगायला बसले तर धागा संपायचा नाही.

चैत्र म्हणजे बनारस. हनुमान जयंतीच्या सुमाराला संकटमोचन मंदिरात संगीत समारोह असतो, १९२३ पासून चाललेला. तिकीट नाही. अंगणात मिळेल तिथे बैठक मारायची आणि रात्रभर ऐकायचं, मधेच माकडं कठड्यावरून जातात, मधेच कोणी दर्शनाला येतो, घंटा वाजवतो, आणि गाणारा त्या घंटेलाही सामावून घेतो. चैती, म्हणजे चैत्रात गायचं तिकडचं गाणं, मी त्याआधी रेकॉर्डवर ऐकली होती, ओळीच्या शेवटी 'हो रामा' येतं एवढंच माहीत होतं. तिथे पहाटे चारला, दिवसभराचं ऊन दगडातून अजून वर येतंय आणि तोंडावर मात्र गार झुळूक, अशात ते 'हो रामा' ऐकलं आणि कळलं की हा सुस्कारा आहे. उन्हाळा आता सुरू होतोय आणि माणूस अजून घरी आलेला नाही, त्याचा.

आश्विनाच्या पानावर जोधपूर. कोजागरीच्या आसपास मेहरानगड किल्ल्यात लोकसंगीताचा महोत्सव असतो, २००७ साली सुरू झाला. रात्रीचे मोठे कार्यक्रम छानच असतात पण माझ्या पानावर ते नाहीत. माझ्या पानावर आहे पहाटेची बैठक, किल्ल्याजवळच्या जसवंत थडा या स्मारकाच्या संगमरवरी पायऱ्यांवरची. अंधारात रिक्षा करून जायचं, शाल गुंडाळून बसायचं. एक म्हातारे मांगणियार, म्हणजे तिथल्या पिढीजात गाणाऱ्या जमातीतले, कमायचा घेऊन बसले होते. आंब्याच्या लाकडाचं वाद्य, गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आतड्याच्या तारा आणि त्यांवर घासायला गज. ते आधी काही वाजवेचनात. कातड्यावर तळवा ठेवून बसले होते नुसते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. शेजारच्या मुलाने सांगितलं, दव पडलंय, कातडं ओलं धरतं, ऊब देतायत. मग वाजवायला लागले आणि पहिला गज फिरल्याबरोबर असा घोगरा, दाणेदार आवाज आला की माझ्या शेजारची परदेशी बाई चटकन माझा हात धरून बसली, ओळख ना देख. या लोकांचं मला फार वाटतं. धर्माने मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत, त्यांच्या घरच्या जन्मापासून मर्तिकापर्यंतची गाणी यांच्या तोंडी, पिढ्यान् पिढ्या. हमीरा गावच्या साकर खान साहेबांना कमायचासाठी २०१२ ला पद्मश्री मिळाली आणि पुढच्या वर्षी ते गेले, मी त्यांना समोर ऐकू शकले नाही ही रुखरुख कायमची.

आणि धुंधुरमास म्हणजे चेन्नई. हे माझं सगळ्यात लाडकं पान. आपण ज्याला धुंधुरमास म्हणून पहाटे खिचडी आणि बाजरीची भाकरी करतो, तोच त्यांचा मार्गळी महिना, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. आंडाळ या तमिळ संत कवयित्रीच्या तीस पदांतलं रोज एक पद पहाटे देवळात म्हणतात आणि दिवसभर गावभर कचेऱ्या म्हणजे मैफली. म्युझिक अकॅडमी १९२८ ची, तिच्याभोवती कितीतरी सभा, म्हणजे संगीतसंस्था. दुपारच्या कचेऱ्या बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, तरुण मुलंमुली गातात, मी त्याच जास्त ऐकते. सभेच्या कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवायचं आणि पुन्हा आत.

तिथे एकदा असं झालं. कचेरी संपत आलेली, मुख्य राग झाला, तनी आवर्तनम् म्हणजे मृदंगाचं एकट्याचं वादन झालं, आणि शेवटी छोट्या हलक्या रचना असतात त्यात गायिकेने अभंग घेतला. मराठी. तुकोबांचा. अख्ख्या सभागृहात बहुधा मी एकटी मराठी असेन आणि टाळी मात्र सगळ्यांची, मांडीवर, तालात, एकही चुकत नव्हती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारी सत्तरीच्या पाटी, म्हणजे आजी, कांजीवरम, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, त्यांनी विचारलं, महाराष्ट्रावा? मी मान हलवली. तर म्हणाल्या, मी हा अभंग पन्नास वर्षं म्हणते, 'कटावरी' म्हणजे काय गं? माझं इंग्रजी त्या क्षणी सुचेना, मी उभी राहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून दाखवले. त्या बघत राहिल्या आणि मग बसल्या बसल्या त्यांनीही आपले हात कमरेवर ठेवले. तशाच बसल्या होत्या मंगलम्, म्हणजे शेवटचं पद, होईपर्यंत.

तुमच्या याद्या लिहा. गाव, महिना आणि काय ऐकलं.

बासरी_नाही_बेस

ताई, धागा वाचून अंगावर काटा आला. पण एक विचारतो, यात बँड कुठेच नाहीत की? तुम्ही फक्त शास्त्रीय आणि लोकसंगीतवाल्या का? माझ्यासारख्या बेस गिटारवाल्याची वही कशी भरणार, आमच्या गाण्यांना कुठे असतात चैत्र-वैशाख 🙂

मारवा_सहा

@बासरी_नाही_बेस, असं कसं, बँडचं पान मोठं आहे, लांबेल म्हणून ठेवलं होतं. माझं पहिलं प्रेम इंडियन ओशन. कॉलेजात असताना एका मैदानावर ऐकलं, मार्गशीर्षातली थंडी होती. असीम चक्रवर्ती मधोमध मांडी घालून तबला वाजवत होता आणि गात होता, दोन्ही एकाच वेळी, आणि त्याचा आवाज असा की मैदानाच्या टोकाला चहा विकणारा माणूस किटली खाली ठेवून उभा राहिला. राहुल राम बेसवर. तो नर्मदा आंदोलनात राहून काम केलेला माणूस, त्यांचं नर्मदेचं गाणं त्या खोऱ्यातल्या लोकांकडून आलेलं. आणि २००० सालच्या त्यांच्या अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून आहे ती तर केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरमेईक भाषेतली प्रार्थना. एक अक्षर कळत नव्हतं आणि आम्ही सगळ्या मैत्रिणी जिवाच्या आकांताने म्हणत होतो. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. तेव्हापासून नाताळच्या दिवशी सकाळी मी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, मधे उठत नाही. आता सांगा, याला महिना नाही असं कसं म्हणू?

धोबीतलाव_८६

बँडचा विषय निघाला म्हणून लॉगिन झालो, नाहीतर मी नुसता वाचणारा. आमच्या वेळी ऋतू एकच, पाऊस संपला की रंगभवन! धोबीतलावचं उघडं थिएटर, आताच्या पोरांना माहीतही नसेल. इंडिपेंडन्स रॉक १९८६ ला सुरू झालं तेव्हा मी गिरगावात राहायचो, वडील गिरणीत, घरी रेडिओवर नाट्यसंगीत आणि मी काळा टीशर्ट घालून रॉक मशीन ऐकायला, त्यांचंच पुढे इंडस क्रीड झालं. त्याच जागेवर १९७८ पासून जॅझ यात्रा व्हायची, तिकीट परवडायचं नाही तर आम्ही भिंतीबाहेर फुटपाथवर उभं राहून सॅक्सोफोन ऐकलाय. एकदा वडील मला शोधत आले, रागाने लाल, आणि आत काय चाललंय म्हणून दोन मिनिटं थांबले आणि मग म्हणाले हा माणूस दमसास चांगला ठेवतो. एवढंच. परत जाताना रागावलेच नाहीत. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला, आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज आहे त्यामुळे कारण समजतं, पण रंगभवन बंद झालं ते झालंच. मी अजून त्या रस्त्याने गेलो की चाल हळू होते.

वायंगणची_माय

मारवाताई, भाद्रपदाचं पान मी देते. गोव्यात चतुर्थीला या, घुमट आरती ऐकायला. आमच्याकडे आरती म्हणजे टाळ्या वाजवून पाच मिनिटांत उरकायची गोष्ट नाही, तासतासभर चालते, साथीला घुमट, शामेळ म्हणजे ढोल आणि कांसाळें म्हणजे झांजा. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, एका तोंडावर कातडं आणि दुसरं तोंड डाव्या हाताने झाकायचं उघडायचं, त्यामुळे तो हुंकार येतो ना, गुंम करून, तो पोटात जाणवतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, तिची शिकार कायद्याने बंद झाली तेव्हा कितीतरी जणांनी घुमटं माळ्यावर टाकली होती. आता बकऱ्याच्या कातड्याची बनवतात, २०१९ ला सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला आणि शाळेतली मुलं-मुलीसुद्धा वाजवायला लागली. माझी भाची वाजवते, बायकांचं पथक आहे त्यांचं. जुने लोक म्हणतात आवाज बदलला, माझ्या कानाला फरक कळतो थोडा, पण वाजतंय हे जास्त महत्त्वाचं. घरात ओल्या मातीचा, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीच्या फळांचा आणि कापराचा वास, बाहेर धो धो पाऊस आणि आत घुमट. मोबाईलवर हे येत नाही, मी करून पाहिलंय.

त्रैराशिक

सुंदर लिहिताय सगळे, तरी माझं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. राग आणि ऋतू, राग आणि प्रहर हा बराचसा सवयीचा भाग आहे. कर्नाटक पद्धतीत वेळेचं बंधन हिंदुस्तानीसारखं कोणी पाळत नाही, ताईंच्या त्या चेन्नईतच दुपारी कुठलाही राग गातात आणि लोक तितकेच तल्लीन होतात. जुन्या ७८ च्या तबकड्यांवरचे मल्हार काय पाऊस बघून रेकॉर्ड झाले असतील का? मी स्वतः मे महिन्यात मियाँ मल्हार लावतो आणि मला तितकाच आनंद होतो, उलट जास्तच. मग महिन्याच्या पानात कोंडून का घ्यायचं?

सनीवेलची_अनु

@त्रैराशिक मला तुमच्याशी भांडायचंय आणि तुमच्या बाजूनेही बोलायचंय. मी कॅलिफोर्नियात आहे, इथे पाऊस थंडीत पडतो. जून ते सप्टेंबर टेकड्या वाळून पिवळ्या, एक थेंब नाही. पहिली चारपाच वर्षं मी आषाढात मल्हार लावायचे कारण घरी आई तसं करायची, आणि बाहेर रखरखीत ऊन, डोकं दुखायचं अक्षरशः. एका जानेवारीत सलग तीन दिवस पाऊस लागला, मुलगी तापाने झोपलेली, मी खिडकीशी बसून सहज गौड मल्हार लावला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा इथे घर असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून माझा मल्हार पौषात. पंचांग सोडलं, पाऊस नाही सोडला. म्हणजे ऋतू लागतोच, फक्त तो कॅलेंडरचा नसतो, खिडकीतला असतो. ताई, चालेल ना हे वहीत?

मारवा_सहा

अनु, चालेल काय, मी पौषाच्या पानावर तुझं नाव घालून लिहिलंसुद्धा.

@त्रैराशिक, रागावले नाही, तुमचा मुद्दा खराच आहे. शास्त्र म्हणून मी कोणावर लादणार नाही. पण दोन गोष्टी. कुमार गंधर्वांनी 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे अख्खे कार्यक्रम केले, एकेका ऋतूचे. क्षयामुळे पाच-सहा वर्षं गाणं बंद, देवासला अंथरुणावर पडून, आणि त्या काळात बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली गाणी ते ऐकत होते, पेरणीची, सणावाराची. त्यांच्यासारख्या, परंपरेला सतत प्रश्न विचारणाऱ्या माणसालाही ऋतू सोडून द्यावासा वाटला नाही, उलट तो शोधत शोधत ते मुळापर्यंत गेले. मी देवासला गेले होते श्रावणात, माताजीच्या टेकडीखालून चालत होते, भुरभुर पाऊस, एवढंच, कार्यक्रम वगैरे काही नव्हता. पण त्यानंतर त्यांचे मल्हार मला वेगळे ऐकू येतात, तिथली काळी माती दिसते.

आणि दुसरं, प्रहर सोडून दिले की काय होतं ते आपण बघतोय. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, पूर्वी रात्रभर चालायचा, माझे मामा रमणबागेत घोंगडी घेऊन जायचे. शेवटी सकाळी भीमसेनजी गायचे आणि मग सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी रेकॉर्ड लावायचे, ती ऐकून लोक उठायचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यावर रात्री दहाला संपवावं लागतं, क्वचित बारापर्यंत परवानगी. नियम योग्य असेल, पण त्यामुळे उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकायला मिळेनासे झाले. दरबारी नऊ वाजता ऐकायचा, लोकांचं लक्ष शेवटच्या बसकडे. मामा म्हणायचे पहाटेच्या थंडीत ललत ऐकल्याशिवाय ललत कळत नाही. मी तो तसा फक्त बनारसला ऐकलाय, आणि मामांचं खरं होतं.

पूर्वांचल_पोस्टिंग

फौजेत असल्यामुळे ईशान्येत बरीच वर्षं काढली, भाद्रपद-आश्विनासाठी माझी भर. झिरो, अरुणाचल. सप्टेंबर अखेरीला संगीत महोत्सव असतो, २०१२ पासून. स्टेज बांबूचं, चहूबाजूंनी आपातानी लोकांची भातशेती, त्याच खाचरांत ते मासेही वाढवतात, आणि त्या सुमाराला भात पिवळं पडायला लागलेलं असतं. गुवाहाटीहून रात्रीची रेल्वे नाहरलगूनपर्यंत आणि तिथून सुमो, रस्ता वाईट, पाठीची वाट लागते. इनर लाइन परमिट आधी काढा, त्याशिवाय सोडत नाहीत. गमबूट न्या, मी सांगतोय म्हणून न्या, चिखल घोट्याच्या वर असतो.

मी तिथे शिलाँगच्या सोलमेटला ऐकलंय. ब्लूज बँड, २००३ पासूनचा, टिप्रिटी गाते आणि रूडी वालांग गिटारवर. पाऊस सुरू झाला तरी एक माणूस हलला नाही. आणि शिलाँगलाच लू माजॉ नावाचे गृहस्थ १९७२ पासून दरवर्षी २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात, पांढरे केस, अर्धी चड्डी, वय विसरून. आमच्या युनिटमधला सातारचा एक पोरगा, डिलन कोण हे त्याला माहीत नव्हतं, परत येताना जीपमध्ये म्हणाला, सर, हे आपल्या शाहिरांच्या भेदिकासारखं वाटलं, प्रश्न विचारत विचारत गातो माणूस. मला इतकं नेमकं कधी सुचलं नसतं.

बासरी_नाही_बेस

बास, ठरलं, पहिलं पान झिरो! परमिटबद्दल खाजगी निरोप करतो सर.

ताई, पौष वद्य पंचमीचं तिरुवैयारूचं काय, तुम्ही उल्लेख नाही केला. आमच्या क्लासचे सर म्हणतात एकदा जाच.

मारवा_सहा

गेलेय ना, एकदाच, आणि त्या पानाला अजून हात लावायचा धीर होत नाही. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज, त्यांच्या समाधीपाशी कावेरीकाठी शेकडो गायक-वादक दाटीवाटीने जमिनीवर बसतात आणि त्यांच्या पाच कृती म्हणजे रचना एकत्र म्हणतात, नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या रागांतल्या. नामवंत कोण आणि शिकाऊ कोण कळत नाही. माझ्या शेजारी एक दहा वर्षांची मुलगी हातात फोटोकॉपी घेऊन म्हणत होती, तिनेच मला बोटाने ओळी दाखवल्या.

तिथून तंजावर तेरा-चौदा किलोमीटर. म्हणजे आपलं, भोसल्यांचं तंजावर, पावणेदोनशे वर्षं मराठी राज्य. सरफोजी राजांचं बोलावणं त्यागराजांनी नाकारलं, दरबारात गाणार नाही म्हणाले, ही गोष्ट तिथे अजून सांगतात आणि मला त्याचं वाईट नाही वाटत, बरंच वाटतं. पण आपल्या कीर्तनाने तिथे घर केलं. एकोणिसाव्या शतकात मोरगावचे एक बुवा तंजावरला राहिले, त्यांचं कीर्तन ऐकून तिकडच्या हरिकथेचं रूप बदललं, साकी, दिंडी, ओवी ही नावं तमिळ भागवतर, म्हणजे हरिकथा करणारे, अजून वापरतात. चेन्नईच्या त्या पाटींच्या तोंडी अभंग कसा आला ते मला तिथे समजलं.

कृष्णाकाठ_मिरज

धागा माझ्या मुलाने दाखवला, मी पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरी चार पिढ्या तंबोरे करतात. ऋतूचं म्हणाल तर आमच्याकडे ते बोलायची गोष्ट नाही, हाताला कळतं. मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात ते वाळवायचे, पावसात ते काम होत नाही. जवारी म्हणजे तारेचा गुंजता आवाज, ती काढायची म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा कानसने इतका हलका घासायचा की तार त्यावर सुटताना खुलली पाहिजे, मग तारेखाली दोरा, आम्ही जीव म्हणतो त्याला, तो सरकवत सरकवत एका जागी आवाज उमलतो. हवेत ओल असली की उमलत नाही. आज जमवलेली जवारी उद्या बिघडते. आजोबा आषाढ-श्रावणात जवारीला हात लावायचे नाहीत, फक्त सुतारकाम. मागे मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेपरवाले आले होते, तेही नेमके पावसात, त्यांना आवाज काय दाखवणार.

इथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ ला पाँडिचेरीच्या वाटेवर एका स्टेशनात ते गेले, त्यांना इथे आणलं. उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, मोठेमोठे लोक येऊन हजेरी लावतात. ताई, तुमच्या वहीत मिरज दिसलं नाही म्हणून लिहिलं.

मारवा_सहा

काका, नमस्कार करते. मिरज नाही, खरंच नाही, आणि मी सांगलीपर्यंत चारदा येऊन गेलेय कामाला. माझ्याकडे आईचा तंबोरा आहे, मिरजेचाच, ती गेल्यापासून गवसणीत आहे. जवारी गेलीय, तार लावली की टण्ण वाजते नुसती. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला ऑडिट आहे, घेऊन येऊ का?

कृष्णाकाठ_मिरज

आत्ता नको. दसऱ्यानंतर आणा, हवा कोरडी झाली की. तोवर गवसणीतून काढून ठेवा, भिंतीला टेकवू नका, ओल धरते. तारा मात्र उतरवून ठेवा आणि आई कुठल्या पट्टीत गायच्या ते आठवून ठेवा.

मारवा_सहा

काळी पाच.